अबोलीचा गजरा आणि येरकाडची सहल

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक आहे. इथले कित्येक अनुभव मी ऑफिसच्या बसमध्ये वाचले आणि शेजारच्याला वाचून दाखवत टिंगल केली. नोकरी गाड्यांच्या कारखान्यात, तीही क्वालिटी डिपार्टमेंटला. दोष दिसला की त्याचं कारण शोधायचं, आणि कारण सापडेपर्यंत घरी जायचं नाही, असं आमचं काम. माझी बायको मुक्ता मीठमोहऱ्या घेऊन मुलीची दृष्ट काढायची, तेव्हा मी शेजारी उभा राहून शिंकायचो. मुद्दाम!

आता शिंकत नाही. का, ते सांगतो.

आम्ही मूळचे सांगलीचे. चेन्नईत वेस्ट मांबलमला, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका जुन्या तीनमजली बिल्डिंगमध्ये राहतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आणि तळमजल्यावर तुळसाबाई. तंजावरकडचे मराठी लोक ते, कित्येक पिढ्या तिकडेच गेलेल्या. मुलगा आवडी नावाच्या उपनगरातल्या फॅक्टरीत, सून सुधा आमच्या ईराच्याच शाळेत वरच्या वर्गांना शिकवते. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा तुळसाबाईंनी माझं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही महाराष्ट्राकडील म्हणतां, मग तुमचं मराठी असं कां बिघडलं?"

त्यांची नात वर्षिणी आणि आमची ईरा एकाच वर्गात, एकाच बाकावर. दोघी एकमेकींशी तमिळमध्येच बोलायच्या. वर्षी बारीक होती, पळापळीच्या खेळात नसायची. लहानपणी हृदयाचं काहीतरी ऑपरेशन झालं होतं, आता सगळं ठीक आहे, एवढंच आम्हाला माहीत होतं. मी पहाटेच कंपनीच्या बसने जातो, मुक्ताही लवकर निघते. त्यामुळे ईरा स्वतः तयार होऊन, दप्तर घेऊन खाली तुळसाबाईंच्या दाराशी जायची. त्या दोघींच्या वेणीत एकेक अबोलीचा गजरा माळायच्या – इकडे त्याला कनकांबरम् म्हणतात – आणि दोघींचे हात धरून शाळेत पोचवायच्या. घरून निघताना ईराच्या डोक्यात फूल नसायचं आणि परत येताना असायचं. आमच्या घरातली ही रोजची गोष्ट.

आमच्या प्लांटचा वर्षातून एकदा शटडाऊन असतो. लाइन बंद, देखभाल चालू, आणि आम्हा लोकांना रजा. तीही कंपनी ठरवेल तेव्हाच. मुलांच्या सुट्टीत म्हणून रजा मागायची सोय नाही. दिवाळीनंतर शटडाऊन लागला आणि मी येरकाडचं ठरवलं. सेलमच्या वरचं छोटंसं हिल स्टेशन, कॉफीचे मळे, एक तळं. ईराला होड्यांचं वेड. पण शाळा सहलीसाठी रजा देत नाही. प्रिन्सिपॉलबाईंचा नियमच तसा. मग सगळे पालक करतात तेच आम्हीही ठरवलं – सोमवारी क्लास टीचरला मेसेज करायचा, ईराला ताप आहे.

अडचण एकच होती. सुधा त्याच शाळेत. म्हणजे खालच्या घरातही कळता कामा नये. मुक्ताने ईराला बजावलं, "वर्षीला सांगायचं नाही हं. तिच्या अम्माला कळलं तर टीचर रागावतील."

ईरा रडली. "मला नाही यायचं," म्हणाली. "वर्षीला त्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये न्यायचंय. ती घाबरलीय. मी तिच्याजवळ बसणार आहे, मी कबूल केलंय."

"अगं, तपासायला नेत असतील. आपण येऊच की आठवड्यात," मी म्हणालो. होड्यांचं आमिष दाखवलं. पोरीने डोळे पुसले.

रविवारी संध्याकाळी मी भाजी घेऊन आलो, तेव्हा दोघी जिन्यात बसल्या होत्या. वर्षीने ईराला विचारलं, उद्या येशील ना? ईराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली – सांगू नकोस. मग ती वर्षीला म्हणाली, "नाळैक्कु वरेन." उद्या येते. मनात म्हटलं, चला, निभावलं पोरीने.

सोमवारी पहाटे निघालो. रेल्वेत ईरा खिडकीशी बसली, इडली खाल्ली, छान बोलत होती. शाळेची वेळ झाली आणि तिची मान कलली. लवकर उठल्यामुळे असेल म्हणून आम्ही झोपू दिलं. पण सेलम आलं तरी उठेना! मी कडेवर घेऊन टॅक्सीत ठेवली. घाटातली वळणं गेली, होमस्टे आला, तरी तशीच. श्वास शांत, अंग गार. संध्याकाळी, शाळा सुटून पोरं घरी येतात त्या सुमाराला, तिने डोळे उघडले आणि भूक लागली म्हणाली.

मुक्ताने तिची वेणी सोडायला घेतली आणि थांबली. "हे फूल कुणी माळलं हिला?"

अबोलीचा गजरा होता. ताजा.

होमस्टेच्या बाईंनी माळला असेल, मी म्हणालो. इकडे लेकीबाळींना फूल देण्याची पद्धतच आहे. मुक्तालाही पटलं. पटवून घेतलं म्हणा.

मंगळवारीही तेच. सकाळी नाश्ता करताना हसतखेळत होती, आणि शाळेची वेळ झाली तशी डोसा अर्धवट टाकून टेबलावरच डोकं ठेवलं. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, ताप नाही, नाडी ठीक. "प्रवासाचा शीण आहे, झोपू द्या." बाहेर तळं दिसत होतं, होड्या चालल्या होत्या, आणि मी झोपलेलं लेकरू खांद्यावर घेऊन काठावर उभा. मुक्ता म्हणाली, "तापाचं खोटं सांगितलं, तेच भोवतंय." मी चिडलो तिच्यावर. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली होती. संध्याकाळी उठली तेव्हा डोक्यात पुन्हा नवा गजरा. दिवसभर तिला आम्ही दोघांनी नजरेआड केलं नव्हतं. मी मुक्ताला विचारलं नाही, तिनेही मला विचारलं नाही.

बुधवारही तसाच गेला. जागी असताना ईराला विचारलं, बाळा, तुला काय होतंय? "काही नाही बाबा. दमते मी," एवढंच म्हणाली.

गुरुवारी दुपारी मात्र ती मध्येच उठली. आम्ही खोलीतच होतो. बाहेर धुकं. ती ताडकन उठून बसली. उजवा हात पुढे केलेला, बोटं मिटलेली – काहीतरी धरून ठेवल्यासारखी. तिने बोटांकडे पाहिलं, सावकाश उघडली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "घरी जाऊया. आता मला झोप नाही येणार."

आणि आली नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती टक्क जागी होती. खिडकीशी बसून होती, रडली नाही. त्याच दिवशी आम्ही सामान बांधलं.

चेन्नईला पोचलो ते सकाळी. बिल्डिंगच्या फाटकातून आत येताना मला आधी काय दिसलं, सांगतो. तुळसाबाईंच्या दारात कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, नव्हता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पाऊस असो, आजारपण असो, त्या पहाटे उठून दारात तांदळाच्या पिठाचा कोलम काढायच्याच. इकडे दार कोरं असलं की अर्थ एकच. बाहेर चपलांचा ढीग होता. मुक्ताने माझा दंड घट्ट धरला.

वर्षी गेली होती. गुरुवारी दुपारी.

आम्ही बॅगा जिन्यात ठेवून तसेच आत गेलो. सुधा भिंतीला टेकून बसली होती. मी काही बोलायच्या आतच तुळसाबाईंनी हात पसरले आणि ईराला पोटाशी घेतलं.

"तूं होतीस म्हणून माझं लेकरू भ्यालं नाहीं गं कण्णा," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "चार दिवस तुमची पोर वर्षीस सोडून हलली नाहीं बा. सकाळीं येऊन दारांत उभी राही. दोघींस फूल माळिलं, हात धरून नेलं. बोलणं कमी झालं होतं तिचं. मी म्हटलं, वर्षीच्या दुखण्याचं तीसही कळलं असेल."

काय ऐकतोय ते डोक्यात शिरत नव्हतं.

सुधा भिंतीकडे बघतच बोलायला लागली. वर्षीला वर्गातच त्रास सुरू झाला. तिला शाळेतल्याच खालच्या खोलीत आणून निजवलं, सुधाला बोलावलं. "मी पळत आले तर ईरा तिचा हात धरून बसली होती. अॅम्ब्युलन्स आली तरी सोडेना. मीच तिची बोटं एकेक करून सोडवली, सर. हात किती गार होता तिचा! तिलाही बरं नाही की काय वाटलं मला… पण तेव्हा मी तिच्याकडे कुठून बघणार?"

मुक्ताने बोलायला तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला. ती ओक्साबोक्शी रडायला लागली आणि त्या घरात रडण्याचं कारण कुणी विचारलं नाही.

माझा स्वभाव तुम्हाला सांगितला आहेच. मी स्वस्थ बसलो नाही. क्लास टीचरला भेटलो. तापाचा मेसेज मिळाला होता का, विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, पण ती तर समोरच बसली होती! मी विचारलं, ईरा, फीवर आहे का? नो मिस, म्हणाली. मला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी लिहिलेला मेसेज चुकून मला आला." येरकाडच्या बाईंना फोन केला. त्यांनी फूल माळलं नव्हतं. आमच्या बागेत कनकांबरम् नाहीच, म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल, टीचरने सवयीने हजेरी लावली असेल. म्हातारीला भास झाला असेल. सुधा त्या वेळी भानावर नसेल. हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. एकेक माणूस चुकू शकतो, मान्य. पण तिघी जणी एकाच मुलीबद्दल चुकतील? आणि गजरे? ते आम्ही येरकाडलाच टाकून आलो. मुक्ताने जवळ ठेवू दिले नाहीत.

खालच्या घरात आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. आपली लेक शेवटी एकटी नव्हती, एवढ्या आधारावर सुधा उभी आहे. ती पुन्हा शाळेत जायला लागली, तीही ईराचं बोट धरून. मी कुठल्या तोंडाने सांगू की आमची ईरा त्या वेळी डोंगरावर, दोन पांघरुणांखाली झोपली होती? म्हणून इथे लिहितोय. नावं बदलली आहेत, अर्थात.

तुळसाबाई अजूनही सकाळी दोन गजरे करतात. एक वर्षीच्या फोटोला, एक ईराला.

ईराला मी फक्त एकदाच विचारलं, तू शाळेत गेली होतीस का? ती म्हणाली, "मी येते म्हणाले होते ना बाबा." त्यापुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

यंदाच्या शटडाऊनची नोटीस लागली आहे. सांगलीला माझ्या भाच्याचं लग्न आहे, रीतसर अर्ज केला तर लग्नासाठी शाळा रजा देईल. मुक्ता परवा जेवताना सहज म्हणाली, चार दिवस जाऊन येऊ. ईराने ताट बाजूला सरकवलं. गेल्या वर्षभरात ती एकदाही शाळेला गैरहजर नाही. सर्दी झाली तरी जाते, पाणी साचलं तरी जाते. आम्हाला वाटायचं, अभ्यासाची गोडी लागली. बाकावरची अर्धी जागा ती कुणाला देत नाही, हे टीचरनी सांगितलं होतं, पण आम्ही दोन्हींचा संबंध लावला नव्हता.

"मला एकही दिवस चुकवता येणार नाही," ती म्हणाली. "तिला नेलं ना, तेव्हा वर्षी पण मला म्हणाली – नाळैक्कु वरेन."

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे.

"कुठल्या उद्या, ते नाही सांगितलं तिने," ईरा म्हणाली. "मी नसताना आली तर?"

लग्नाला मी एकटाच जाणार आहे.