रायपूरला गेलेली फुलं

पहाटे नागपूरहून फुलांची गाडी आली तेव्हा आम्ही सगळे फूलवाले लाखनीच्या चौकात नेहमीसारखे उभे होतो, फक्त यशोदाकाकू नव्हत्या. तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. तो आमच्यातल्या रामाभाऊंनी घेतला आणि ऐकता ऐकता ते खालीच बसले. "काकू गेली," एवढंच म्हणाले. झोपेतच गेल्या... त्याला महिना होत आला, तरी गाडीचा हॉर्न वाजला की मी अजून त्यांचं हिरवं लुगडं शोधते.

मी सोलापूरकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, नवऱ्याला इथल्या राइस मिलमध्ये काम लागलं म्हणून इतक्या लांब आले. गजरे करता येत होते, म्हणून रस्त्याकडेला फुलांचं दुकान टाकलं. काकू इथल्या फूलवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्ष. पहिल्याच आठवड्यात येऊन म्हणाल्या, "संघटनेत ये वो. सगळ्यायची एकच गाडी येते, तू काहून येकटी धावून राहिली?" मी आपली 'बघते, बघते' करत राहिले. खरं म्हणजे भीती वाटायची. बैठकीत माझ्या बोलण्याला हसतील, आणि उद्या काही झालं तर म्हणतील, तू तर बाहेरची. "बघून बघून डोळे दुखले नाही का तुये?" असा टोमणा मारून काकू पुढे जायच्या.

मग दिघोरीच्या एका घरची लग्नाची ऑर्डर आली, माझी पहिलीच. फुलं मी नागपूरहून रायपूरला जाणाऱ्या एका ट्रकवर मागवली. ड्रायव्हर लाखनीला उतरवायचं विसरला. फोन केला तर म्हणतो, "भाभी, मैं तो रायपुर पहुँच गया!" संध्याकाळी लग्न, आणि मी रिकाम्या टोपल्यांसमोर बसलेली. हा मांडव उघडा राहिला तर या गावात मला दुसरी ऑर्डर कोण देणार? एकट्या मिलच्या पगारावर इथं राहणं होत नव्हतं, आणि परत जायला तोंड नव्हतं.

काकूंनी ऐकलं आणि आधी पोटभर हसल्या. "म्हंजे तुयी फुलं रायपूरले लगनाले गेली!" मग चौकात उभ्या राहून ओरडल्या, "ज्याच्यापाशी जे हाय, ते आणा रे!"

"काकू, ते बाई सभासद नाही," रामाभाऊ गुरगुरले.

"सभासद उद्या होईन. मांडव आज हाय."

सगळ्यांत मोठी टोपली रामाभाऊंनीच आणली, तोंड वाकडं करून. काकू माझ्यासोबत दिघोरीला आल्या आणि मुहूर्ताच्या घाईतही गप्पा मारत माळा ओवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी संघटनेत नाव घातलं.

पुढे नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा याच लोकांनी आळीपाळीने माझं दुकान उघडलं. रस्त्याच्या कामात आमची दुकानं उठणार असं कळलं, तेव्हा सगळे मिळून बांधकाम खात्याच्या ऑफिसात गेलो. काकूंनी मला कोपराने ढोसलं, म्हणून मीसुद्धा दोन वाक्यं बोलले. जागा थोडी मागे सरकली, पण राहिली. परत येताना काकू म्हणाल्या, "बोलते तर झकास! कायले लपवून ठेवलं होतं वो?"

त्यांची एक रीत होती. गाडी आली की कुणी पोतं उचलायच्या आधी त्या प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालायच्या. झेंडू वरून टवटवीत दिसतो, पण दाबून भरला असला की मधे तापून काळा पडतो. तसं पोतं निघालं की ते एकाच्या माथी मारायचं नाही, सगळ्यांनी थोडं थोडं वाटून घ्यायचं. "गरम पोतं येकट्याले भारी पडते," त्या म्हणायच्या.

त्या गेल्यानंतर पुन्हा गाडी आली, तर कुणी हात घालेना. जो तो चांगल्या पोत्यावर नजर ठेवून... मला वाटलं, काकू होत्या म्हणून हे सगळं होतं, आणि त्यांच्यामुळेच मी यांची होते.

"ए सोलापूरवाली," रामाभाऊ खेकसले, "पाहून काय राहिली? टाक हात."

मी बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. तिसऱ्या पोत्यात बोटांना ऊब लागली.

"गरम हाय," मी म्हणाले.

सगळ्यांनी आपापल्या टोपल्या त्या पोत्याजवळ आणून ठेवल्या.