अंगी न लागणारं

"गटार तलावापासून दुसरीकडं वळवाच लागन!" मी म्हटलं.

"पन काऊन, काकू? मासे मरून राह्यले का?"

आमच्या मच्छीमार सोसायटीची सभा चालू होती, तलावाच्या पाळीवरच्या शेडमध्ये. मला हे विचारणारा अध्यक्ष संपतभाऊ. वयानं माझ्यापेक्षा लहान, आवाज मात्र मोठा. गावाचं गटार कायमचं तलावातच सोडायचं, या ठरावाला त्याला सगळ्यांचे हात वर हवे होते. "माशाईले सवय झाली आता," हे त्याचं पालुपद. या सवयीचे किस्से आमच्याकडे इतके साचलेत, की त्यापुढे गाळ बरा!

अमडापूरच्या बाजारात माझ्या टोपल्यातला कतला मासा पाहून एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, पिल्लं काऊन विकून राह्यल्या?"

"पिल्लू? तुह्या लग्नाच्या आधीचा हाय तो!"

माशाचं डोकं भलं मोठं, अंग चिपाडासारखं. गिऱ्हाइकाला पटेना. मी खवला काढून उजेडात धरला. झाडाच्या खोडासारखी वयाची वलयं असतात त्यात. त्यानं नीट निरखून पाहिलं अन् म्हणाला, "म्हातारा हाय, तं मंग सस्ता लावा!"

एकदा सकाळीच संपतभाऊचे पाहुणे आले. मासे पाण्यावर तोंडं काढून आ वासत होते. हा ऐटीत म्हणतो, "पाहा, पाहुण्याईले रामराम करून राह्यले!"

मी म्हटलं, "दम लागला त्याईले. पाण्यात हवा कुठं उरली?"

एका पाहुण्यानं हातातला कप हळूच खाली ठेवला. "चहा कोन्त्या पाण्याचा हाय?"

वच्छला माझी बाजारातली जोडीदारीण. हडकुळे मासे पाहून तिचा जीव तुटायचा. तिनं त्यांची ढेप, म्हणजे पेंड, वाढवली. मासे फस्त करायचे, अंगी काही लागायचं नाही. "जंत झाले असतीन, आक्का," म्हणाली, अन् खरंच तलावात ओवा टाकून आली!

मी वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांवर. पण शिकले, अन् माशांबद्दल हाती लागेल ते वाचलं. घाण पाण्यात कल्ले सारखे हापसावे लागतात, यकृत विष उपसत बसतं. खाल्लेलं त्यातच जळतं. वाढीला अन् अंड्यांना उरतंच काय? मी त्यातलेच काही मासे माझ्या विहिरीत सोडले. पुढच्या हंगामात काढले, तर वच्छला एक दोन्ही हातांनी उचलत म्हणाली, "आक्का, खरं सांग, कोनाचे चोरले?"

हे सगळं मी सभेत सांगितलं. संपतभाऊ हसला.

"काकू, सोताकडंच पाहा ना. शाळा नाही, नवरा तरनेपनी गेला, लोकाईच्या जाळ्यावर मजुरी केली. झाली ना सवय? जगल्याच ना तुमी?"

त्यानं मत मागितलं अन् निम्मे हात वर गेले. वच्छलाचाही. मी उभी राहिले अन् जे बोलले, त्यानं ते एकेक करून खाली आले:

"जगली ना मी, संपत! पन सारा जीव जगन्यातच सरला, वाढाचं राहूनच गेलं. या तलावात आता एकाचंही तसं होऊ देत नाही मी!"