हिरवी की निळी

पुलावर आलो तेव्हा जाऊबाईंनी मला पुन्हा रंग विचारला.

"ते समोरचं दार गं, गोदामाचं. कोणता रंग?"

"निळं आहे की."

"नक्की?"

"अहो जाऊबाई, दोरे जुळवून पोट भरते मी. निळं म्हणजे निळंच. मघाशी सायकल विचारलीत, त्याआधी कुणाची तरी छत्री. परीक्षा घेताय का माझी?"

"तुझी नाही," एवढंच म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

आमचं हे चालणं रोजचं होतं. मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्या कामाला, आणि माझं शिवणाचं दुकान त्यांच्या वाटेवर. सुटी झाली की त्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहायच्या, मी शटर ओढायचे, आणि दोघी घरापर्यंत पायी जायचो. बस होती, पण बसमध्ये बोलता येत नाही, आणि घरी पोचलं की त्यांच्यामागे त्यांचा संसार, माझ्यामागे माझा. आमची बिऱ्हाडं वेगळी असली तरी जिना एकच होता. मनातलं मात्र सगळं वाटेवरच बोलून व्हायचं.

त्यांचं काम काय, असं कुणी विचारलं की आमचे भावोजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, सांगायचे, "हिची माणसांपेक्षा जंतूंशी जास्त ओळख." जाऊबाई म्हणायच्या, "जंतू निदान विचारलं त्याचं उत्तर देतात."

ते उत्तर कसं देतात हे त्यांनीच मला एकदा चालता चालता समजावलं होतं. आजारी माणसाच्या रक्तातला नाहीतर लघवीतला जंतू आधी ताटलीवर वाढवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर बरेचसे सारखेच, नुसत्या बारीक काड्या. मग ओळखायचा कसा?

"घरी अनोळखी पाहुणा आलाय असं समज," त्या म्हणाल्या. "तोंडाने नाव सांगत नाही. मग आपण त्याला वाढायचं. एका नळीत साखर, एकीत युरिया, एकीत आणखी काही. रात्रभर उबेत ठेवायचं आणि सकाळी बघायचं, काय खाल्लं आणि काय तसंच टाकलं. खाल्लं की नळीचा रंग बदलतो. कुणी पिवळी करतो, कुणी गुलाबी, कुणी ढुंकूनसुद्धा बघत नाही. सगळ्या नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की पाहुणा कुणाकडचा ते कळतं."

"आणि एखादी नळी खोटं बोलली तर?"

"एखादी बोलेल. सगळ्या मिळून नाही बोलत."

मला हे फार आवडलं होतं. मी शाळेत विज्ञानाच्या तासाला खिडकीबाहेर बघणारी. जाऊबाईंसारखी बाई असती शिकवायला तर कदाचित वहीत बघितलं असतं.

माझी मुलगी तान्ही असताना तापाने फणफणली होती. तिच्या रक्ताचा नमुना जाऊबाईंच्याच टेबलावर गेला. मी घरी देवापुढे बसून होते. उठायचं भान नव्हतं. जाऊबाईंनी जिन्यातूनच हाक मारली, "सापडला गं! साधाच आहे, औषध लागू पडेल." वर आल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि मगच पोरीला घेतलं. मी देवाला हात जोडले तशा म्हणाल्या, "त्याला सांग, थोडी धावपळ मीही केलीय." त्यांचा देवाधर्माकडे ओढा नाही. पण माझी टिंगल अशी त्यांनी कधी केली नाही. माझा देव म्हणजे त्यांना माझ्या माहेरचा कुणी भला गृहस्थ वाटायचा. आपली ओळख नाही, पण माणूस चांगला असणार.

तर त्या दिवशी पुलाच्या टोकाला जे बाक आहे, तिथे त्या बसल्या. त्या वाटेत कधी बसत नाहीत. बसून त्या नाकपुडी चोळायला लागल्या, तेव्हा मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"तुला तो पडदा आठवतो?" त्यांनी विचारलं.

आठवत होता. माझ्याकडे कामाचा ढीग पडला होता म्हणून त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या निळ्या पडद्याला टीप मारून दिली होती, ती हिरव्या दोऱ्याने. "नवी फॅशन का?" असं म्हणून मी हसले होते आणि टीप उसवून टाकली होती.

"मीही हसलेच होते," त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात एका बाळंतिणीचा नमुना आला. ताटलीवर ठिपके चिकट, ओघळणारे. बघताक्षणी वाटलं, हा ओळखीचा. नळ्या लावल्या. एकीत लाल कडं यायला नको होतं, ते आलं नाही. युरियाची गुलाबी झाली. सगळ्या एका सुरात बोलत होत्या. राहिली एक. ती मुळात हिरवी असते, आणि हा पाहुणा असला की निळी होते. मला ती हिरवीच दिसली."

"म्हणजे एकटी खोटं बोलली."

"मलाही तसंच वाटलं. परत लावली, परत हिरवी. म्हटलं, नळीतलं खाद्यच बिघडलंय. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगायला गेले की हा सगळा घाणा फेकून द्या. त्यांनी नळी उजेडात धरली आणि म्हणाल्या, अहो, फेकायची कशाला? किती सुरेख निळी झालीय."

खालून पाणी वाहत होतं.

"मी म्हटलं, हो का, तिकडे उजेड कमी आहे. आणि जागेवर येऊन बसले. नळी खरंच बोलत होती गं. खोटं माझे डोळे बोलत होते."

"मोतीबिंदू असेल. माझ्या आईलाही होता. ऑपरेशननंतर म्हणाली, आपल्या भिंती पांढऱ्या आहेत हे मला कुणी सांगितलंच नाही."

त्या हसल्या. "मोतीबिंदूच आहे. दाखवून आले. तुझ्या भावोजींना अजून बोलले नाही. काढतील, दिसायलाही लागेल. त्याचं काही नाही."

"मग डोळ्यांत पाणी का?"

"मागच्या नळ्या." त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "हे एका दिवसात होत नाही. कधीपासून मला निळं हिरवं दिसतंय? तेव्हापासूनच्या सगळ्या नळ्या मी वाचल्या. कुठलं औषध लागू पडेल त्याची चाचणी वेगळी असते, तिथे रंग नाही बघायचा, त्यामुळे औषधं चुकली नसतील. पण नाव चुकलं असेल, तर वॉर्डात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर कुठला जंतू हिंडतोय ते कुणाला कळायचं नाही. आणि ती बाळंतीण बघ, तिच्या जंतूचं नाव बरोबर लागलं ते शेजारच्या बाईंमुळे. माझ्यामुळे नाही."

"बाळंतीण बरी आहे ना?"

"आहे. बाळ सोडत नाही म्हणे क्षणभर."

मग त्या म्हणाल्या, "गप्प बसावं असंही मनात आलं. ऑपरेशन होईल, नळ्या परत निळ्या दिसतील, कुणाला पत्ताही लागायचा नाही. दोन दिवस तेच घोळवतेय. पण नाही. उद्या प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमना सांगते. जपून ठेवलेले जंतू फ्रीजमध्ये आहेत, ते पुन्हा लावा म्हणते, दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी."

"तुम्हाला काय करतील?"

"नळ्या वाचू देणार नाहीत. काचसामान धुवायला बसवतील."

"डोळे झाले की पुन्हा देतील."

"देतील. पण माझ्या हातून नळी घेतली की प्रत्येक जण एकदा उजेडात धरून बघेल. घरातल्याच माणसाने आपल्या शब्दाची खात्री करून घ्यावी, तसं."

मी त्यांची पिशवी घेतली. एरवी त्या कुणाला पिशवी देत नाहीत, त्या दिवशी दिली. उरलेला रस्ता आम्ही हात धरून चाललो. एका दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हिरवी." ती हिरवीच होती. "हं," असं म्हणून त्या लहान मुलीसारख्या खूश झाल्या, पण पुढच्या पाटीकडे त्यांनी बघितलंच नाही.

जिन्याशी आलो. वर जायच्या आधी त्या कठड्याला हात लावून थांबल्या.

"आज बसशील ना देवापुढे?"

"रोजच बसते."

"मग माझं एक काम कर. माझ्यासाठी काही मागू नकोस, माझं मी बघेन. ज्यांच्या त्या नळ्या होत्या ना, त्यांच्यासाठी माग. नावं नाहीत गं माझ्याकडे त्यांची, आमच्याकडे नुसते नंबर येतात. तेवढं त्याला सांग. नंबरावरून ओळखून घे म्हणावं."