साचेखात्याच्या खुणा आणि सात चितळं

नव्वदच्या दशकात, वडील कामाला होते ती कापडमिल बंद झाली त्याच्या दुसऱ्या डिसेंबरात, सिमरोलच्या जंगलात एक चितळ मादी तारेच्या कुंपणावर आदळून मेली. ती माझ्या वडिलांच्या आवाजाला घाबरली होती.

त्या जंगलातली चितळं माझ्या जन्माआधीच शिकारीत संपली होती. आवळ्याची जुनी झाडं उभी होती, फळंही धरत होती, पण आसपास एकही रोप नव्हतं. आवळे झाडाखाली पडून तिथेच सडत. चितळ आवळा गिळतं, लांब जाऊन रवंथ करतं आणि टणक बी तिथे टाकतं. मग ते रुजतं. म्हणून वनखात्याने दुसऱ्या जंगलातून आठ चितळं आणली. महिनाभर कुंपणात ठेवून, जागेची सवय झाली की फाटक उघडायचं, असं ठरलं. राखणीला रोजंदारीवर माणसं घेतली, त्यात वडील होते. मिल सुटल्यापासून त्यांना मिळालेलं हे पहिलंच टिकेलसं काम.

त्याआधी बावीस वर्षं ते साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. तिथल्या खडखडाटाने कान अधू झाले आणि आवाज कायमचा चढला. घरात मीठ मागितलं तरी अख्ख्या चाळीला कळायचं. "मिलला कुलूप लागलं, तुमच्या गळ्याला कधी लागायचं?" आई म्हणायची.

त्या सकाळी पाण्याचा टँकर आला. वडिलांनी नाकेदाराला, म्हणजे तिथल्या वनरक्षकाला, त्यांच्या मते हळूच सांगितलं, "भिया, पानी आ गया!" आठही चितळं उधळली. एक मादी सरळ तारेवर गेली.

दुपारी रेंजरसाहेब आले. मादी पाहिली, काय झालं ते ऐकलं आणि वडिलांना म्हणाले, "काका, कल से मत आना."

"साब, आदमी मेहनती है," नाकेदार म्हणाला. "बस भोंगा मिल से साथ ले आया है."

साहेबांचं बोलणं वडिलांच्या कानापर्यंत पोहोचलं नव्हतं. त्यांनी ते ओठांवरून वाचलं. साचेखात्यात सगळे असंच ऐकत आणि बोलत हातांनी. कुंपणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात दुसरे एक राखणदार उभे होते. तेही त्याच खात्यातले. वडिलांनी हात वर केला, अंगठा ओठांशी नेला, मग मूठ फिरवली. पलीकडचे राखणदार सावकाश हौदाकडे गेले आणि त्यांनी पाण्याची तोटी सोडली. सात चितळांनी कान टवकारले, पण एकही जागचं हललं नाही.

साहेबांनी चितळांकडे, मग वडिलांच्या हातांकडे पाहिलं. "एक हफ्ता देखता हूँ," ते म्हणाले. "आवाज़ निकली, तो दोनों घर."

गप्प राहायची सवय मोडू नये म्हणून वडील घरीही बोलेनात. मीठ हवं असलं की चिमूट दाखवत. शेजारी "जयभीम" म्हणाले की नुसते हात जोडत. आईने दोन दिवस चेष्टा केली. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "इथे कुठे चितळं बसलीयेत? बोला हो काहीतरी. घर खायला उठतंय." वडिलांनी मान हलवली आणि चार बोटं दाखवली. आठवडा संपायला चार दिवस उरले होते.

आठवडा गेला, महिनाही गेला. मी तेव्हा एका दैनिकात उमेदवारी करत होतो. फाटक उघडलं त्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून गेलो. वडिलांनी खूण केली, त्या दुसऱ्या राखणदारांनी फाटकाचा दोर ओढला. चितळं तासभर आतच राहिली. मग एक मादी बाहेर पडली आणि तिच्यामागे बाकीची सहा. रेंजरसाहेबांनी वडिलांना पावसाळा संपेपर्यंत यायला सांगितलं.

पावसाळ्यात मी पुन्हा गेलो. जुन्या आवळ्यांपासून बरंच लांब, चितळं दुपारी बसत त्या बांबूंच्या सावलीजवळ, वडिलांनी मला तळहात दाखवून थांबवलं. मग जमिनीकडे पाहत तीन बोटं वर केली.

आवळ्याची तीन रोपं होती, प्रत्येक वीतभरही नसेल.