चांदपाशांची अफसाना आणि आमच्या बोअरचं पाणी

सकाळी खोल्यांवरच्या पोरींचे डबे भरत होते, तेवढ्यात दार वाजलं. दारात अफसाना, गल्लीच्या टोकाला पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या चांदपाशांची लेक. हातात रिकाम्या बाटल्यांची पिशवी. तिच्या मागोमाग समोरची मल्लम्मा मावशीही पायरीशी येऊन उभी राहिली.

"दार लाव गं. नांदेडला जंतू पाळती ती. टाकीत काय सोडलं म्हंजे?"

"जंतू तर तुमच्या दह्यातपण असतात, मावशी," अफसाना म्हणाली.

"माझं दही कुणाचं दार वाजवत न्हाई."

हसू आलं, तरी दार मी अर्धंच उघडं ठेवलं. आमच्या बोअरचं पाणी क्लाससाठी लातुरात आलेल्या पोरी पितात. पाण्याबद्दल काही उठलं तर आईबाप त्याच दिवशी पेट्या उचलतील, आणि आमचं घर त्या खोल्यांवर चालतं.

भूकंप झाला तेव्हा अफसाना दुसरीत होती. त्यानंतर तिची आई सुलतानबी रोज दाराशी पातेल्यांची उतरंड रचायची, जमीन हलली की वाजावी म्हणून. ती ट्रक गेला तरी वाजायची आणि गल्ली रस्त्यावर यायची. पुढं अफसानाला मार्क असे पडले की क्लासवाल्यांनी तिला डॉक्टरच करून टाकलं होतं. ती मात्र नांदेडला जनुकांच्या संशोधनाला गेली. तेव्हापासून गल्लीला तिचा अंदाज लागेना.

"काय करतेस नेमकं?" मी विचारलं.

"पाण्यातलं दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड ओळखणारा जंतू घडवतेय, काकू. त्याच्यात एक जनुक दुसऱ्याला दाबून धरतं. फ्लोराइड आलं की पकड सुटते, मग दाबलेलं जनुक हिरवा उजेड करतं."

"आणि तो जंतू आमच्या टाकीत?"

"तो नांदेडला कुलपात आहे. इथं नुसत्या बाटल्या."

"मग अडलंय कुठं?"

"इकडच्या पाण्यात क्षार फार. फ्लोराइड नसलं तरी तो चमकतो. अम्मीच्या पातेल्यांसारखं."

"म्हणजे चांगलं पाणी वाईट ठरवशील."

"ते होऊ नये म्हणूनच घराघरातलं पाणी लागतं. कधी गप्प बसायचं, हेपण त्याला जमलं पाहिजे."

"आणि आमचं खरंच वाईट निघालं तर?"

"आधी तुम्हाला सांगेन. पण पोरींपासून लपवा म्हणालात, तर ते जमणार नाही."

"ऐकलंस?" मावशी म्हणाली.

मी कडीवरचा हात काढला नाही. अफसानानं एक बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरली.

"तुम्हीच भरा, काकू. मी नळाला हात लावत नाही. एवढी एक बाटली पाणी द्या."