इंजिन धुणारे भाऊजी

तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाइतका गाडीवर जीव लावणारा माणूस परतवाड्यापासून अकोल्यापर्यंत सापडायचा नाही. त्यातला निम्मा जीव त्यांनी माणसांना लावला असता, तर मुलांनो, हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती. भाऊजींची संत्र्यांची बाग परतवाड्याजवळ. नाल्यात, मेळघाटातल्या दगडगोट्यांत कुठेही चढेल अशी, चारही चाकांना जोर असलेली डिझेल गाडी त्यांनी घेतली आणि घरातली माणसे मागे पडली. पाहुण्यांना चपला काढून गाडीत बसावे लागे. लग्नाला निघालेल्या विहीणबाईंना तर त्यांनी गजरा काढायला लावला. सीटवर पाकळ्या सांडतात म्हणून.

गाडीबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली. मी सांगितले, "भाऊजी, आता अ‍ॅक्सिलरेटरची तार इंजिनापर्यंत जात नाही. पाय दाबला की नुसता निरोप जातो, तोही एका लहानशा संगणकाकडे. हवा किती आली, इंजिन किती तापले, डिझेलचा दाब किती, हे सेन्सर त्याला कळवतात. मग डिझेल किती आणि नेमके कधी सोडायचे, ते तो ठरवतो."

भाऊजी दुखावले. "म्हंजे म्या अर्ज कराचा अन् त्या डब्ब्यानं मंजूर कराचा? गाडी माही हाय का त्याची, वहिनी?"

त्यांची बायको, म्हणजे माझ्या जाऊबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आता समजलं, या घरात आमाले कसं वाटते ते!"

आम्ही सगळे हसलो. जाऊबाई हसल्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे असताना धारणीहून फोन आला. जाऊबाईंच्या थोरल्या भावाचे काही खरे नव्हते. तो सारखे बहिणीचे नाव घेत होता. जाऊबाई लगेच पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. भाऊजी मात्र गाडी धूत होते. सासुरवाडीला मळकी गाडी न्यायची नाही, हा त्यांचा नेम. त्या दिवशी तर बॉनेट उघडून, संत्र्यांवर औषध मारायच्या फवारणी पंपाने त्यांनी इंजिनसुद्धा धुतले. पुस्तिकेत नको म्हटले आहे, असे मी ओरडून सांगितले.

"आपल्याकडची माती त्या पुस्तकाले काय मालूम!"

आम्ही तिघे निघालो. सेमाडोहच्या अलीकडे घाटात स्टिअरिंगसमोरचा पिवळा दिवा लागला. सेन्सरच्या जोडणीत पाणी शिरले होते. खबर भलतीच येऊ लागली की संगणक तिच्यावर विश्वास ठेवत नाही. इंजिन वाचवायला त्याचा जोर कमी करतो. भाऊजी पाय दाबत होते, शिव्या देत होते आणि गाडी म्हशीच्या चालीने चढत होती. मागून धारणीकडे भाड्याने माणसे नेणारी काळीपिवळी जीप आली.

"अवो, मले तिच्यात बसू द्या. भाऊ वाट पाहून राह्यला."

"घरची गाडी असून काळीपिवळीनं माहेरी जाशीन? लोकं काय म्हनतीन? थांब, आत्ता उचलते."

जीप पुढे निघून गेली. गाडीने काही उचलले नाही.

आम्ही पोचलो तेव्हा भावाने नुकतेच डोळे मिटले होते. "काळीपिवळी आली तवा बोलत होते. वाटलं, तुमी तिच्यातच असान," त्याची बायको म्हणाली. जाऊबाईंनी भाऊजींकडे पाहिलेसुद्धा नाही.

जोडणी वाळवल्यावर गाडी ठणठणीत झाली. पण जाऊबाई पुन्हा तिच्यात बसल्या नाहीत. आता माहेरी जातात त्या एसटीने, आणि तिच्यामागून रिकामी गाडी घेऊन भाऊजी थेट धारणीपर्यंत जातात. एसटी थांबली की थांबतात. घाटात एखाद्या रुंद वळणावर ड्रायव्हर हात बाहेर काढून, जा पुढे, अशी खूण करतो. भाऊजी पुढे जात नाहीत.