कॅसेटच्या शेवटचे अकरा सेकंद

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो. हायवेवर हात दाखवणारी बाई, बंद खोलीतला पायांचा आवाज... अहो, काय हे! मी सदतीस वर्षं मशिनचे पार्ट तपासून रिजेक्ट करायचं काम केलं. पुरावा नसेल तर माल परत, एवढंच मला कळतं. भूतबीत मी आजही मानत नाही. तरी लिहायला बसलोय, कारण या वेळी पुरावा माझ्याच घरात निघाला — आणि जेवढा निघाला नाही, तेवढा मीच नष्ट केलाय.

आधी जागा आणि माणसं सांगतो. मॅसॅच्युसेट्समधलं श्रूजबरी, वूस्टरला खेटून. घरात मी एकटा. बायको माधवी कॅन्सरनं गेली तेव्हा आम्ही वूस्टरला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये होतो आणि आमची ऋचा पाच वर्षांची होती. हे घर मी त्यानंतर तीन महिन्यांनी घेतलं. हॉलमधला हिरवा सोफाही तेव्हाच आणला. माधवीनं यातलं काहीच पाहिलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणखी एक सांगायला हवं, लाज वाटली तरी. ऋचाला मी सांगितलं होतं की आई पुण्याला आजीकडे गेलीये. इथल्या आपल्या मुलांना हे लगेच पटतं. कुणाची ना कुणाची आई नाहीतर आजी भारतात गेलेलीच असते. थोडे दिवस म्हणून सांगितलं, मग खरं बोलायला तोंडच उघडेना. हिवाळा संपता संपता माधवी गेली. ऑक्टोबरअखेरचा हॅलोविन आला तरी ती आपली पुण्यातच.

त्या हॅलोविनच्या सुमाराला मी ऋचासाठी एका जपानी कार्टून सिनेमाची कॅसेट आणली. नाव देत नाही — दिलं तर त्याचे चाहते खाली भांडत बसतील आणि माझं राहून जाईल. दीपगृहात राहणारी एक मुलगी आणि तिचे आजोबा, एवढं पुरे. जपानमध्ये तो थिएटरात बरा चालला होता. अमेरिकेत एका कंपनीनं घेतला, नाव बदललं, इंग्रजी आवाज चढवले आणि आजोबा मरतात तो सगळा भाग काढून टाकला. नऊ मिनिटं! मुलं रडतील म्हणे. इकडच्या आवृत्तीत आजोबा बोटीत बसून कुठेतरी जातात आणि मुलगी हात हलवते. उन्हाळ्यात दोन-चार शहरांत आठवडाभर लागला, पडला, आणि मग शरद ऋतूत व्हिडिओवर आला. म्हणजे माधवी गेली तेव्हा ही कॅसेट जन्मालाच आली नव्हती. हे मी पुढे दहा ठिकाणी तपासून घेतलंय.

आजोबांना बोटीत बसवणाऱ्या त्या कंपनीला मी कित्येक वर्षं शिव्या घातल्या. मी घरात वेगळं काय केलं होतं, हे मला कधी सुचलं नाही.

कॅसेट नवीकोरी होती, वरचं प्लास्टिक मीच फाडलं. ऋचा रोज दुपारी ती बघायची. पहिल्याच आठवड्यात जेवताना म्हणाली,

"बाबा, आईने व्हिडिओ पाठवलाय."

"कुठला व्हिडिओ?"

"मूव्हीमध्ये. एंडला. सगळी नेम्स संपली ना, की आई येते. सोफ्यावर बसते आणि माझ्याशी बोलते."

तिला त्याचं नवल वाटलं नव्हतं. तेव्हा आम्ही सगळेच वाढदिवसाच्या, बारशाच्या कॅसेटी भारतात पाठवायचो. मग आई तिकडून पाठवणारच की! मी म्हटलं, बरं, जेव आता.

"तुम्ही पण बघा ना."

"नंतर बघू हं."

हे 'नंतर' दोन-तीन आठवडे चाललं. ती रोज बोलवायची आणि मी रोज काहीतरी काढायचो — ऑफिसचा फोन, कपड्यांच्या घड्या. खरं सांगू? तिच्या तोंडून 'आई' शब्द आला की मला तिथे उभं राहवत नसे. भांडी घासलेली असली तरी मी पुन्हा घासायचो.

मग रविवारच्या मराठी शाळेत एका मुलीनं ऋचाला सांगून टाकलं, तुझी आई मेलीये. घरी येऊन ही न रडता म्हणाली, "शी इज नॉट डेड. ती रोज बोलते माझ्याशी. चला, दाखवते." माझा हात धरून टीव्हीकडे ओढायला लागली. मी हात सोडवून घेतला आणि ओरडलो, "आई कुठेही नाहीये! बास झाला हा खोटेपणा!"

खोटेपणा... आणि हे कोण म्हणत होतं, तर मी.

दुसऱ्या दिवशी आपटे काका आले. आपटे काका म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळातले वडीलधारे डॉक्टर. कॅमकॉर्डर फक्त त्यांच्याकडे. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाचं शूटिंग त्यांनी केलं होतं आणि मला त्याची कॉपी हवी होती, कारण नाटुकल्यात मी राजा झालो होतो. विकतच्या सिनेमाच्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून कडेला एक खाच ठेवलेली असायची. तिच्यावर सेलोटेप चिकटवली की काम व्हायचं. आपल्या लोकांत हे घरोघरी माहीत. मी ऋचाच्या कॅसेटला सेलोटेप लावली. काका म्हणाले, "अरे, पोरीची आहे ना ही?" मी म्हटलं, "तिचं बघून झालंय."

ड्रॉवरमध्ये तीन कोऱ्या कॅसेटी होत्या. हे काकांना माहीत नव्हतं, मला होतं.

ऋचानं नंतर कॅसेट लावली तेव्हा मिशा लावलेला तिचा बाप आला. पुढे पळवून न बघता तिनं कॅसेट बाहेर काढली, डब्यात ठेवली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलायला लागली. लोक म्हणाले, इकडची मुलं तशीच होतात.

मोठी झाल्यावरही तिनं हेका सोडला नाही — आई तिथे होती. मग मीही पेटलो. त्या सिनेमाची डीव्हीडी आली, घेतली. कापलेली नऊ मिनिटं परत जोडलेली आवृत्ती आली, घेतली. जपानहून डिस्क मागवली, मग ब्लू-रे. प्रत्येक आवृत्ती शेवटच्या नावापर्यंत बघायची आणि ऋचाला ईमेल करायची: तपासलं, असं काही नाही. कुठल्या आवृत्तीत कुठलं दृश्य आहे, हे आज माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. ऋचानं उत्तरं देणं कधीच बंद केलं. ती आता जर्सी सिटीला असते, मॅनहॅटनला नोकरी करते आणि वाढदिवसाला फोन करते.

यंदा तोच सिनेमा नव्यानं साफसूफ करून, न कापता, चार दिवसांसाठी थिएटरात आला. फोन तिचा आला. "शाल वी गो, बाबा?" मी केवढा खूश झालो! रविवार दुपारचा शो, वूस्टरजवळचं थिएटर, आत आठ-दहा माणसं. मी शेजारी कुजबुजत होतो — हे कापलं होतं, हे संवाद बदलले होते. आजोबा गेले तेव्हा ती म्हणाली, "प्लीज, बाबा." नावं संपली, दिवे लागले. ती पडद्याकडे बघत बसून राहिली, आणि मला तेवढ्यात अक्कल पाजळायची बुद्धी झाली. "पाहिलंस? मी म्हणत होतो ना?"

ती माझ्याकडे वळली. "यू इरेझ्ड हर. बाकी सगळं तुम्ही फक्त तपासत राहिलात." इंग्रजीतच म्हणाली, मी अर्धं मराठी केलंय. पार्किंगमधून ती थेट जर्सी सिटीला निघून गेली.

मी तणतणत घरी आलो आणि बेसमेंटमध्ये उतरलो. जुना व्हीसीआर होता, खोक्यात कॅसेटही होती, खाचेवर माझी पिवळी पडलेली सेलोटेप. आता कायमचं सिद्ध करून टाकू म्हटलं. दीड तास स्वतःला राजा झालेलं पाहिलं. टाळ्या, आपटे काकांचा खोकला, मग पडद्यावर एक आडवी रेघ सरकली आणि माझं रेकॉर्डिंग संपलं.

त्यानंतर अकरा सेकंद. आमचा हॉल. हिरवा सोफा, खिडकीतून आलेलं ऊन. सोफ्यावर कुणी नाही, पण दबलेली गादी हळूहळू वर येतेय, आत्ताच कुणी उठल्यावर येते तशी. आणि अगदी जवळून माधवीचा आवाज, थोडा दमलेला:

"...आणि बाबांना पण दाखव हं. ते नाही म्हणतील. तरी दाखव."

मग पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि खरखर.

चेहरा नाही. तो राजाच्या खाली गेला.

तुमचे प्रश्न माझे आधीच विचारून झालेत. आमच्याकडे कॅमेरा नव्हता. आता पार थकलेल्या आपटे काकांनी फोनवर शपथेवर सांगितलं की माधवीचं शूटिंग त्यांनी कधी केलं नाही. सेलोटेप मी लावली, त्याआधी त्या कॅसेटवर रेकॉर्ड करता येणं शक्य नव्हतं. आणि सोफा... सोफ्याचं तर तुम्हाला सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हीसीआर आणि कॅसेट गाडीत घालून मी जर्सी सिटीला गेलो. ऋचानं ते अकरा सेकंद चार वेळा पाहिले. मग मराठीत म्हणाली, "मी दाखवत होते ना, बाबा."

मी विचारलं, "त्याआधी काय बोलायची गं ती?"

"आठवत नाही," ती म्हणाली. "पाच वर्षांची होते मी."

कॅसेट तिनं ठेवून घेतली. माझ्याकडे बाकीच्या सगळ्या आवृत्त्या आहेत.